मातीचा काढा आणि आकड्यांचा घोळ

मित्रांनो, 'काढा' म्हटल्यावर कोणाला आजी आठवली असेल, तर कोणाला मेसमधला चहा. हा लेख दोन्हींबद्दल नाही (चहा मात्र मध्ये एकदा येणार आहे!). हा लेख मातीबद्दल आहे. केमिकलला येऊन मातीत काय शोधतोस, असं माझ्या विंगमधल्या सगळ्यांनी विचारून झालं आहे. त्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून हे लिहितोय.

गोष्ट मागच्या दिवाळीच्या सुट्टीची. परभणी जिल्ह्यात आमची थोडी शेती आहे. सोयाबीन निघालं होतं आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली होती. काकांनी शेतातली माती एका फडक्यावर नीट मिसळून अर्धी अर्धी केली होती आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी तपासायला दिली होती. दोन्ही रिपोर्ट माझ्यापुढे टाकून म्हणाले, "तू केमिकलचा इंजिनिअर होणार ना? मग सांग, यातलं खरं कोणतं?"

एका कागदावर लिहिलं होतं, स्फुरद ४. दुसऱ्यावर, स्फुरद २०.५. एकाच ढिगातली माती आणि आकडा पाचपट!

मी काय केलं? मोबाईलवर एक तक्ता शोधला. त्यात स्फुरद १० पेक्षा कमी म्हणजे 'कमी', १० ते २५ म्हणजे 'मध्यम' असं होतं. मग छाती पुढे काढून सांगितलं, "काका, चार इतका कमी नसणार हो. पहिल्यांचं काहीतरी चुकलंय. दुसरा धरा. डीएपीचं एक पोतं कमी टाकलं तरी चालेल."

काकांनी ऐकलं. अडीच एकराला दोन पोती आणि वर थोडं टाकायचं, तिथे एकच टाकलं. हरभरा जेमतेम आला. आता पाणी, थंडी, मर रोग, कारणं दहा असतात. त्यात माझ्या सल्ल्याचा वाटा किती, हे मला आजही सांगता येत नाही. पण काका त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. म्हणून या वर्षी मिनी प्रोजेक्टला सगळे बायोडिझेलच्या मागे पळत असताना मी 'माती परीक्षणातील अर्क पद्धतींची तुलना' हा विषय घेतला.

आधी माझी चूक

पहिल्याच आठवड्यात गाईड सरांना दोन्ही रिपोर्ट दाखवले. त्यांनी चष्मा वर केला आणि फक्त एकच प्रश्न विचारला, "युनिट काय आहे?"

युनिट! सहावीपासून ज्याच्यासाठी मार्क कापले जातात तेच मी पाहिलं नव्हतं. पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'पीपीएम' होतं. दुसऱ्यावर 'किलो प्रति हेक्टर', आणि तेही स्फुरद या मूलद्रव्याचं नव्हे, तर त्याच्या पेंटॉक्साइडचं. खताच्या पोत्यावर १८:४६ लिहितात त्यातले ४६ टक्के याच पेंटॉक्साइडचे असतात.

आता हिशेब बघा. एक हेक्टर क्षेत्राच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन साधारण २२.४ लाख किलो धरतात. म्हणून पीपीएमला २.२४ ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. ४ गुणिले २.२४ म्हणजे जवळजवळ ९ किलो. मूलद्रव्यावरून पेंटॉक्साइड काढायला २.२९ ने गुणायचं. ९ चे होतात २०.५!

म्हणजे दोन्ही प्रयोगशाळांचं उत्तर एकच होतं. चुकलो मी. तक्ता होता मूलद्रव्याच्या हेक्टरी किलोंचा. त्याला लावायचा आकडा ९, म्हणजे 'कमी'. मी त्याला पेंटॉक्साइडचा आकडा लावला आणि 'मध्यम' करून टाकलं.

मला वाटलं, झालं, कोडं सुटलं. सर म्हणाले, "हा सोपा भाग होता. दोन्ही ठिकाणी पद्धत एकच वापरली म्हणून आकडे जुळले. पद्धत वेगळी असती तर कशाने गुणणार होतास?" खरा विषय इथून सुरू होतो.

मातीत किती आहे आणि हाताला किती लागतं

बहुतेक जमिनींत एकूण स्फुरद काहीशे पीपीएम असतो. पण पिकाच्या मुळांना त्यातला अगदी थोडा मिळतो. बाकीचा कॅल्शियम, लोह किंवा ॲल्युमिनियम यांच्याशी घट्ट बांधलेला. बँकेत पैसे आहेत, पण मुदत ठेवीत आहेत, अशातला प्रकार. म्हणून माती पूर्ण विरघळवून एकूण आकडा काढला तर शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही. मुळांच्या आवाक्यात किती आहे ते हवं.

त्यासाठी माती एखाद्या द्रावणात ठराविक वेळ हलवायची, गाळायची आणि गाळून आलेल्या अर्कात काय उतरलं ते मोजायचं. हेच एक्स्ट्रॅक्शन. आता तो चहा आणतो. चहापत्ती तीच. एकाने नुसतं कोमट पाणी ओतलं, दुसऱ्याने दोन मिनिटं उकळलं, तिसऱ्याने आपल्या मेससारखं सकाळपासून तापत ठेवलं. तिन्ही कपांचा रंग वेगळा. 'पत्तीत रंग किती?' याचं उत्तर पाणी, वेळ आणि आच सांगितल्याशिवाय देता येत नाही. मातीचंही तसंच. रिपोर्टवरचा आकडा म्हणजे मातीत काय आहे ते नव्हे. त्या द्रावणाने, त्या प्रमाणात, तेवढ्या वेळात काय ओढून काढलं, एवढंच तो सांगतो.

आठ अन्नद्रव्ये, पाच काढे

आपल्याकडे २०१५ साली जमीन आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. त्या पत्रिकेत बारा गोष्टी असतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, मंगल, तांबे आणि बोरॉन. पहिल्या चार सध्या बाजूला ठेवू. उरलेल्या आठांसाठी आपल्याकडच्या प्रयोगशाळेत सर्वसाधारणपणे पाच वेगवेगळे अर्क काढावे लागतात.

१) स्फुरदासाठी ओल्सन पद्धत. ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेट, सामू ८.५. २.५ ग्रॅम माती, ५० मिली द्रावण, ३० मिनिटं शेकरवर. मग निळा रंग आणून कलरीमीटरवर वाचन.

२) पालाशसाठी १ नॉर्मल अमोनियम ॲसिटेट, सामू ७. अमोनियमचे आयन मातीच्या कणांवर बसलेल्या पोटॅशियमला उठवून त्याची जागा घेतात. वाचन फ्लेम फोटोमीटरवर.

३) जस्त, लोह, मंगल, तांबे यांच्यासाठी डीटीपीए. १० ग्रॅम माती, २० मिली द्रावण, तब्बल २ तास. डीटीपीए हा चिलेट आहे, धातूच्या आयनाला खेकड्यासारखा पकडतो.

४) गंधकासाठी कॅल्शियम क्लोराइडचं सौम्य द्रावण, मग बेरियम घालून आलेला गढूळपणा मोजायचा.

५) बोरॉनसाठी गरम पाणी.

म्हणजे शंभर नमुने आले की पाचशे फ्लास्क. तेवढेच फिल्टर पेपर, आणि नंतर तेवढीच भांडी. (भांडी कोण घासतो हे प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असलेल्यांना सांगायला नको.) साहजिकच कोणालाही वाटणार, की एकाच द्रावणात सगळं उतरलं तर किती बरं होईल!

एका काढ्यात सगळं

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये ॲडॉल्फ मेहलिच यांनी ती चिकाटीने पुढे नेली. १९५३ साली त्यांनी हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं सौम्य मिश्रण वापरलं, ते मेहलिच-१. १९७८ मध्ये मेहलिच-२ आलं आणि १९८४ मध्ये मेहलिच-३. हे शेवटचं आज जगात बऱ्याच ठिकाणी वापरलं जातं. त्यातला प्रत्येक घटक एकेका कामाला लावलेला आहे. ०.२ मोलर ॲसेटिक आम्ल आणि ०.०१३ मोलर नायट्रिक आम्ल सामू अडीचच्या आसपास ठेवतात. ०.०१५ मोलर अमोनियम फ्लोराइड ॲल्युमिनियमला पकडतं आणि त्याला चिकटलेला स्फुरद मोकळा करतं. ०.२५ मोलर अमोनियम नायट्रेट पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांना उठवतं. ०.००१ मोलर ईडीटीए सूक्ष्म अन्नद्रव्ये काढतं. मातीच्या दहापट द्रावण आणि हलवायचं फक्त ५ मिनिटं!

दुसरं द्रावण कोलोरॅडोमधलं. सोलतानपूर आणि श्वाब यांनी १९७७ मध्ये अमोनियम बायकार्बोनेट आणि डीटीपीए एकत्र केले. १ मोलर बायकार्बोनेट, ०.००५ मोलर डीटीपीए, सामू ७.६, मातीच्या दुप्पट द्रावण, १५ मिनिटं. बायकार्बोनेट स्फुरद काढतं, अमोनियम पालाश काढतं, डीटीपीए धातू काढतं. ओल्सन, ॲसिटेट आणि डीटीपीए या तिघांची कामं एकट्यात. यात फ्लास्कचं तोंड उघडं ठेवून हलवतात, कारण कार्बन डायऑक्साइड निघून जायला हवा. तो गेला की सामू चढतो, कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं आणि कॅल्शियमला बांधलेला स्फुरद सुटतो. मुद्दाम ठेवलेलं उघडं तोंड! मी पहिल्या दिवशी इमानदारीने सगळ्यांना बुचं लावली होती.

एकाच अर्काचा फायदा आयसीपी या यंत्रामुळे फार वाढला. पाहायला आम्ही दुसऱ्या एका संस्थेत गेलो होतो, आपल्याकडे ते नाही. आर्गॉनच्या हजारो अंश तापलेल्या प्लाझ्मात अर्काचा फवारा सोडतात आणि प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश वेगळा ओळखतात. एका नमुन्यातली डझनभर मूलद्रव्ये एक-दोन मिनिटांत. असं यंत्र असताना पाच काढे कोण करत बसणार?

मीही तेव्हा मनात निकाल लावून टाकला होता. मेहलिच-३ सगळ्यात आधुनिक, सगळ्यात जलद, म्हणजे सगळ्यात चांगलं. प्रोजेक्टचा निष्कर्ष प्रयोगाआधीच तयार! (हे पाप आपण सगळेच करतो.)

रूम पार्टनरची माती

माझा रूम पार्टनर रत्नागिरीचा. त्याच्या वडिलांची हापूसची बाग. माझा विषय कळल्यावर तो गणपतीहून येताना मोदकांच्या डब्याबरोबर एक पिशवी लाल माती घेऊन आला. सर म्हणाले, "उत्तम. आता दोन्ही मातींवर पातळ आम्लाचे चार थेंब टाक."

त्याची जांभ्याची माती गप्प बसली. माझी काळी माती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली.

मित्रांनो, माझा अख्खा प्रोजेक्ट त्या फेसात होता. माझ्या मातीत मुक्त चुना आहे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या मातीत नाही. कोकणात धो धो पावसाने तो केव्हाच धुऊन नेला आणि माती आम्लधर्मी झाली. आता आम्लाचं द्रावण माझ्या मातीत टाकलं तर ते स्फुरद काढणार, की आधी चुन्याशी भांडण्यात संपणार?

होस्टेलच्या गच्चीवर बसून हिशेब केला. अकरावीचं स्टॉइकिओमेट्री, बाकी काही नाही.

स्फुरदासाठी आम्लधर्मी जमिनीत ब्रे आणि कर्ट्झ यांची १९४५ ची पद्धत वापरतात. त्यात ०.०२५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ०.०३ नॉर्मल अमोनियम फ्लोराइड. २ ग्रॅम मातीला २० मिली द्रावण घेतलं तर त्यात आम्ल ०.५ मिलिमोल. चुन्याचा एक मोल आम्लाचे दोन मोल खातो. म्हणजे ०.२५ मिलिमोल, वजनाने २५ मिलिग्रॅम चुना पुरे. २ ग्रॅममध्ये २५ मिलिग्रॅम म्हणजे फक्त १.२५ टक्के!

मेहलिच-१ मध्ये दोन्ही आम्लं मिळून ०.०७५ नॉर्मल. ५ ग्रॅम मातीला २० मिली द्रावण, म्हणजे १.५ मिलिइक्विव्हॅलंट आम्ल. त्याला ७५ मिलिग्रॅम चुना, म्हणजे १.५ टक्के.

मेहलिच-३ मध्ये २ ग्रॅमला २० मिली घेतलं तर ॲसेटिक आम्ल ४ मिलिमोल आणि नायट्रिक ०.२६, एकूण ४.२६. ते संपायला २१३ मिलिग्रॅम चुना, म्हणजे साडेदहा टक्क्यांच्या थोडा वर. इथे पहिल्यांदा वाटलं, वा, हे तर टिकाऊ आहे! पण ॲसेटिक हे कमजोर आम्ल. अर्धं संपेपर्यंतच सामू अडीचवरून साडेचारच्या पुढे जातो. म्हणजे पाच टक्के चुना असला तरी द्रावण बाटलीतलं राहत नाही. शिवाय फ्लोराइड आणखी लवकर जातं. २० मिलीत ते फक्त ०.३ मिलिमोल आहे आणि विरघळलेल्या कॅल्शियमबरोबर त्याचं अविद्राव्य कॅल्शियम फ्लोराइड होतं. त्याला कागदावर १५ मिलिग्रॅम चुन्यातलं कॅल्शियमसुद्धा पुरतं.

हा कागदावरचा हिशेब आहे, हे मान्य. पाच मिनिटांत सगळा चुना विरघळत नाही, खडे मोठे असतील तर अजून कमी. पण दिशा स्पष्ट आहे. आमच्या भागातल्या काळ्या जमिनीत पाच-दहा टक्के चुना ही काही नवलाची गोष्ट नाही. प्रयोगशाळेत मेहलिच-३ चा अर्क गाळून सामू पाहिला. लाल मातीचा जिथल्या तिथे. काळ्या मातीचा चढलेला. म्हणजे एकच बाटली, एकच वेळ, पण दोन मातींवर प्रत्यक्षात दोन वेगळी द्रावणं काम करत होती!

याच्या उलटही घडतं. आम्ल जोरदार असेल, तर ते मुळांना कधीच न मिळणारा कॅल्शियम फॉस्फेटचा स्फुरदही विरघळवून आणतं. शेतात रॉक फॉस्फेट टाकलेलं असेल, तर मेहलिच-१ सारखी पद्धत फुगलेला आकडा देते. म्हणजे चूक कधी खाली, कधी वर. ठराविक चूक असती तर आपण ती दुरुस्त तरी केली असती.

प्रत्येक पद्धतीला एक गाव असतं

मग लक्षात आलं, की या पद्धतींची नावं पाठ करण्यापेक्षा त्या कुठे जन्मल्या ते पाहावं. ओल्सन यांची १९५४ ची पद्धत कोलोरॅडोमधली, कोरड्या, चुनखडीयुक्त जमिनींची. तिथे बायकार्बोनेट आम्लाच्या वाटेलाच जात नाही. ते द्रावणातलं कॅल्शियम कमी करतं आणि स्फुरद सोडवतं. लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ मध्ये मांडलेली डीटीपीए पद्धतही कोलोरॅडोच्याच कामातून आली. तिचा सामू ७.३ वर बांधलेला, शिवाय आत कॅल्शियम क्लोराइड घातलेलं. का? तर चुना विरघळू नये आणि त्याच्या पोटात अडकलेले धातू उगाच बाहेर येऊ नयेत. अमोनियम बायकार्बोनेट-डीटीपीए हे त्याच गावचं. उलट मेहलिच नॉर्थ कॅरोलिनाचे, जिथे माती आम्लधर्मी आणि चुना बाहेरून आणून टाकावा लागतो. ब्रे इलिनॉयचे.

म्हणून 'कोणती पद्धत चांगली?' हा प्रश्नच अर्धवट आहे. 'कोणत्या मातीला?' हे जोडलं की उत्तर सोपं होतं. माझ्या रूम पार्टनरच्या बागेला ब्रे किंवा मेहलिच-३ शोभतं. माझ्या काकांच्या शेताला ओल्सन, ॲसिटेट आणि डीटीपीए. एकाच अर्काची घाई असेल तर कोलोरॅडोच्या जोडद्रावणाकडे पाहावं, मेहलिचकडे नव्हे. मी प्रयोगाआधी लिहिलेला निष्कर्ष फाडून टाकला.

जेईईचे मार्क आणि सीईटीचा कट-ऑफ

आता सरांच्या त्या प्रश्नाकडे येऊ. पद्धत वेगळी असेल तर कशाने गुणायचं?

जेईईचे मार्क घेऊन कोणी सीईटीच्या कट-ऑफशी तुलना केली तर आपण हसू. मातीच्या रिपोर्टमध्ये मात्र हे सर्रास होतं. प्रत्येक पद्धतीची पातळी वेगळी असते. कोलोरॅडोच्या तक्त्यात ओल्सन पद्धतीने ६ पीपीएमपर्यंत स्फुरद 'कमी' धरतात. अमोनियम बायकार्बोनेट-डीटीपीएने मात्र ३ पर्यंतच 'कमी', ४ ते ७ 'मध्यम'. म्हणजे ६ हा आकडा एका तक्त्यात नापास आणि दुसऱ्यात पास! जस्ताचंही तेच. आपल्याकडे डीटीपीएने ०.६ पीपीएमच्या खाली जस्ताची कमतरता धरतात. कोलोरॅडोच्या जोडद्रावणात ०.९ पर्यंत कमी.

एवढंच नाही, मोजायचं यंत्र बदललं तरी आकडा हलतो. निळ्या रंगाची पद्धत मुख्यतः अजैविक फॉस्फेट पाहते. आयसीपी अर्कातला सगळा फॉस्फरस मोजतं, सेंद्रियसुद्धा. त्यामुळे एकाच अर्काचं आयसीपीवरचं वाचन बहुधा जास्त येतं. जुना तक्ता आणि नवीन यंत्र असं लग्न लावलं, की शेतकऱ्याला 'तुमच्याकडे स्फुरद भरपूर' असं उत्तर मिळायची सोय झाली.

मग दोन पद्धतींचा आलेख काढून एक समीकरण का बसवू नये? मीही बसवलं होतं. पण काळ्या आणि लाल मातीचे ठिपके एकाच रेषेवर बसत नाहीत. सगळे एकत्र कोंबून रेषा ओढली तर ती कोणाचीच नसते. तुलना करायची तर चुन्याच्या प्रमाणाप्रमाणे मातींचे गट आधी पाडावेत. आणि मुख्य म्हणजे, दोन पद्धती एकमेकींशी जुळल्या म्हणून दोन्ही बरोबर ठरत नाहीत. परीक्षा कॉपी केलेल्या दोघांचे पेपरही जुळतातच की! खरा परीक्षक पीक. खत देऊन आणि न देऊन पीक वाढवायचं, उत्पादन आणि मातीचा आकडा आलेखावर मांडायचा आणि ज्या आकड्याच्या खाली पीक खताला प्रतिसाद देतं तो शोधायचा. केट आणि नेल्सन यांनी १९६५ मध्ये यासाठी सोपी युक्ती सांगितली. आलेखावर उभी-आडवी रेषा अशी सरकवायची, की जास्तीत जास्त ठिपके समोरासमोरच्या दोन चौकटींत यावेत. उभी रेषा जिथे थांबेल ती तुमची पातळी. हे काम एका दुपारचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. म्हणूनच जुन्या पद्धती इतक्या सहज टाकून देता येत नाहीत. त्यांच्यामागे द्रावण कमी आणि शेतं जास्त उभी आहेत.

पुढच्या बॅचसाठी चार गोष्टी

हा विषय कोणी पुढे नेणार असेल तर माझे ठेचाळलेले अनुभव लिहून ठेवतो.

जस्त मोजणार असाल तर माती गॅल्व्हनाइज्ड घमेल्यात गोळा करू नका आणि फ्लास्कला रबरी बुचं लावू नका. दोन्हींतून जस्त येतं. बोरॉनसाठी बोरोसिलिकेट काच नको, नावातच उत्तर आहे. भांडी फॉस्फेट असलेल्या साबणाने धुतली तर तुम्ही साबण मोजाल. ओल्सनचं द्रावण जुनं झालं की सामू चढतो, दर वेळी तपासा. अर्काचा रंग घालवायला वापरायचा कोळसा स्फुरदमुक्त हवा. उन्हाळ्यातलं आणि थंडीतलं वाचन वेगळं येतं, म्हणून तापमान लिहा. बायकार्बोनेटच्या अर्कात आम्ल हळूहळू घाला, नाहीतर फेस थेट टेबलावर. आणि दर बॅचला मातीविना एक कोरा नमुना चालवाच.

सगळ्यात मोठी चूक मात्र प्रयोगशाळेच्या बाहेर होते. बांधाजवळची, झाडाखालची किंवा शेणखताच्या ढिगाजवळची माती घेतली तर आयसीपी काय करणार? शेतात आठ-दहा जागी व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, सगळी माती मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो ठेवायची. काकांनी हे सगळं नीट केलं होतं. त्या दिवशी आमच्या घरात चुकलेला माणूस एकच होता.

शेवटी

प्रोजेक्ट संपल्यावर काकांना फोन केला. सगळी कबुली दिली आणि म्हटलं, पुढच्या रिपोर्टवर चार गोष्टी विचारा. आकडा मूलद्रव्याचा की ऑक्साइडचा? युनिट कोणतं? अर्क कोणत्या द्रावणात काढला? आणि 'कमी-मध्यम-जास्त'चा तक्ता त्याच पद्धतीचा आहे का?

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "एवढं शिकायला तीन वर्षं लागली व्हय?" आणि हसले. मला जरा हलकं वाटलं.

या वर्षी हरभऱ्यात आम्ही शेताचे दोन पट्टे आखून घेतले आहेत. एकात शिफारशीप्रमाणे पूर्ण स्फुरद, दुसऱ्यात अजिबात नाही. बाकी बियाणं, पाणी, पेरणीचा दिवस, नत्राचं खत, सगळं सारखं. काढणीला मी सुट्टी टाकून जाणार आहे, दोन्ही पट्ट्यांचं धान्य वेगवेगळं मोजायला. एका शेतावरून एका वर्षात काही सिद्ध होत नाही, हे आता मला कळतं. पण काकांच्या त्या प्रश्नाचं उत्तर या वेळी मोबाईलवरून द्यायचं नाही, एवढं ठरवलंय.

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत घरी गेलात तर एक काम करा. घरातला माती परीक्षणाचा कागद कपाटातून काढा आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. आणि येताना पिशवीभर माती घेऊन या. मोदक आणलेत तर उत्तमच!